अरबाबच्या खिशातली काडतुसं

कॉलेजात नाव लागल्यापासून आमच्या घरात मला ‘माहीत नाही’ म्हणायची सोय उरली नाही. आप्पा दहावी, आई सातवी, आणि मी एकदम मेकॅनिकल इंजिनिअरिंग. त्यामुळे इथं कतारमध्ये, अल मन्सूराच्या आमच्या जुन्या इमारतीत कुणाचं वॉशिंग मशीन थरथरायला लागलं की मला हाक. आईच्या थायरॉइडचा रिपोर्ट आला की माझ्या हातात. खालच्या किराणा दुकानातला फ्रीज गळायला लागला तेव्हा आप्पांनी मला तिथेही नेऊन उभं केलं. फ्रीजबद्दल मला एवढंच ठाऊक होतं, की प्लग काढून परत लावून बघावा. मी तसं केलं आणि गळती थांबली. का थांबली ते मला अजून कळलेलं नाही. पण जिना चढताना आप्पा आईला सांगत होते, “हात लावल्याबरुबर थांबलं बघ. शिक्षान म्हंत्यात ते ह्ये.”

मला तेव्हापासूनच थोडी भीती वाटायला लागली होती. कधीतरी असं काहीतरी समोर येईल, की प्लग काढून चालणार नाही.

आप्पा एका दुकानात काम करतात. तंबू, गालिचे, कॉफीच्या किटल्या, ससाण्यांच्या डोळ्यांवर घालायच्या कातडी टोप्या, असं वाळवंटात मुक्कामाला आणि शिकारीला लागणारं सगळं तिथं मिळतं. आत काचेआड बंदुकीचा काउंटर आहे, परवाना असलेल्या लोकांसाठी. आप्पांचा त्याच्याशी संबंध नाही, ते तंबूवाले. दुकानाचे मालक सत्तरीचे कतारी गृहस्थ आहेत. त्यांना सगळे अरबाब म्हणतात, इथं मालकाला म्हणतात तसं, म्हणून आम्हीही अरबाबच म्हणतो. आप्पा इतकी वर्षं त्यांच्याकडे आहेत आणि इतक्या वर्षांत त्यांनी अरबाबना एकदाही ‘नाही’ म्हटलेलं नाही. जमणार नसेल तर आप्पा ‘इन्शाल्ला’ म्हणतात. जमणार असेल तरी तेच म्हणतात. फरक आवाजात असतो, तो अरबाबना कळतो की नाही मला माहीत नाही.

त्या हिवाळ्यात बंदुकीच्या काउंटरवरचा सीरियन माणूस सुट्टीवर गेला होता. अरबाब शिकारीला परदेशात जाणार होते. तिकडे थंडीच्या जंगलात त्यांच्या एका मित्राची जागा होती. बरोबर पहिल्यांदाच नातवाला न्यायचं होतं. नातू नववीतला, हडकुळा. त्यांना एक हलकी, आखूड बंदूक हवी होती. एकावेळी एकच काडतूस घेणारी, मधून मोडते ती. बिजागरीवर नळी खाली झुकवायची, मागच्या तोंडातून काडतूस आत सारायचं, खटकन मिटायचं आणि एकच बार काढायचा. या बंदुकीचा सांगाडा एकच असतो आणि त्याला वेगवेगळ्या जाडीच्या गोळ्यांच्या नळ्या लावता येतात. कुठल्या कॅलिबरच्या, किती लांबीच्या नळ्या घ्यायच्या, एवढाच प्रश्न होता.

अरबाबनी तो आप्पांना विचारला. आणि आप्पांनी आनंदानं सांगून टाकलं, की माझी मुलगी इंजिनिअर होतेय, ती निवडेल.

दुपारच्या सुट्टीत ते घरी जेवायला आले तेव्हा मी नुकतीच कॉलेजातून आले होते. त्यांनी हातही न धुता मला हे सांगितलं.

“आप्पा, बंदुकीची नळी? मला त्यातलं काय कळतंय?”

“आगं, लोखंडाची नळी हाय ती. तुमच्याकडं लोखंडाचंच शिकीवत्यात नव्हं?”

“तसं नसतं हो.”

“मग कसं असतं?”

आई भाकरी थापताना म्हणाली, “तुम्ही तरी काय कबूल करून बसता? उद्या अरबाब म्हणंल विमान चालवा, तर पोरीला बसीवणार व्हय?”

“अरबाबनं सोत्ता ईचारलंय,” आप्पा म्हणाले. “म्हनाला, मुहंदिसाला ईचार.”

मुहंदिसा म्हणजे बाई-इंजिनिअर. आप्पांनी तो शब्द असा उच्चारला, जणू मी ती झालेच होते. दुसरंही एक होतं. आप्पांची नोकरी आहे म्हणून आम्ही सगळे या देशात आहोत आणि मी कॉलेजात आहे. हे घरात कुणी बोलत नाही, पण प्रत्येकाच्या मनात असतं. मी म्हटलं, बघते.

मला बंदुकांची भीती वाटते, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. लहानपणी कोरेगावला सुट्टीत गेलो, की शेतातली वानरं हाकलायला सुतळी बॉम्ब लावायचे, तेव्हा मी आत जाऊन गादीखाली डोकं घालायचे. आता मी फोनवर आणि कॉलेजच्या कॉम्प्युटरवर काडतुसांबद्दल वाचत होते. प्रत्येक वेळी मागे कुणी उभं नाही ना बघत होते. परदेशातली मुलगी, कॉलेजच्या कॉम्प्युटरवर बंदुकांची माहिती शोधते, याचा कुणी काय अर्थ काढेल, ही आणखी एक भीती. शेवटी मी सगळं माझ्या फोनवरच वाचायला लागले, तेही मान खाली घालून.

पण खरं सांगायचं तर हळूहळू मला त्यात गोडी लागली. प्रश्न तसा आमच्या विषयातलाच होता. गोळी जितकी जड आणि वेगवान, तितका खांद्याला धक्का जास्त. बंदूक हलकी असेल तर धक्का आणखी जास्त. नळी लांब असेल तर दारूला पूर्ण जळायला जागा मिळते, गोळी वेग घेते, पण बंदूक लांबते. नळी आखूड केली तर हाताळायला सोपी, पण काही काडतुसांची अर्धी ताकद नळीच्या तोंडाशी जाळ होऊन वाया जाते. अरबाबच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं होतं. नातवाचे खांदे अजून पुरते भरले नव्हते. आणि अरबाबनी बंदुकीसाठी एक आखूड कातडी बॅग आधीच शिवून घेतली होती. म्हणजे धक्का कमी हवा, लांबी कमी हवी, आणि एका नळीनं ससा, दुसरीनं हरीण मिळायला हवं.

मी दोन नळ्या निवडल्या. सशासाठी, म्हणजे नातवासाठी, दोनशे तेवीस, हरणासाठी तीनशे ब्लॅकआउट. ही नुसती कॅलिबरची नावं आहेत, त्यातल्या आकड्यांवर फार जाऊ नये. दोनशे तेवीसचं काडतूस बारीक, निमुळतं, त्याची गोळी पेन्सिलीच्या टोकासारखी. तीनशे ब्लॅकआउट म्हणजे त्याच काडतुसाचं पितळ आखूड कापून त्यात जाडी गोळी बसवलेली. एकाच घरातल्या दोघी बहिणी म्हणा ना. तिची दारू लवकर जळते, म्हणून तिला आखूड नळी चालते. दोघींचा धक्का कमी. दोघींचा बुडाचा घेर एकच. मला ते इतकं सुबक वाटलं, की मी स्वतःवरच खूश झाले. कॉलेजात एखादं गणित शेवटच्या ओळीत नीट जुळावं तसं.

आप्पांना सांगितलं तर ते पूर्ण ऐकायला थांबलेच नाहीत. लगेच अरबाबना फोन. नळ्या दुकानाच्या गोदामात होत्या, दोन दिवसांत त्या सांगाड्याला बसवून पाहिल्या गेल्या. अरबाबनी मुऐदरला त्यांच्या घरच्या मजलिसमध्ये, म्हणजे पुरुषांच्या बैठकीत, चार पाहुण्यांसमोर ती बंदूक काढून दाखवली आणि सांगितलं, की माझ्या माणसाच्या मुलीनं निवडली. आप्पा तिथं तंबूचा गालिचा पोचवायला गेले होते. घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा होता.

“समद्यांफुडं म्हनला, ह्याची पोरगी मुहंदिसा. मला बसायला सांगितलं.”

“मग बसलात?” आईनं विचारलं.

“बसलो की. घावा घेतला.”

घावा म्हणजे त्यांची कॉफी. आप्पा त्या बैठकीत इतक्या वर्षांत कधी बसले नव्हते. दारात उभे राहून सामान देऊन परत येत.

आणि त्यानंतर एका सकाळी मेट्रोत मी ते वाचलं. ग्रीन लाइनवर मी रोज अल मन्सूराला चढते. बसायला जागा मिळाली होती आणि मी सवयीनं फोन काढला. नळी निवडून झाली होती, तरी मी अजून वाचतच होते. मला वाटतं, कौतुकासाठी वाचत होते, आपण निवडलेल्या गोष्टीबद्दल लोक काय चांगलं म्हणतात ते बघायला. तिथं एक फोटो होता. नळीचा मागचा भाग फुललेल्या फुलासारखा उलगडलेला आणि लाकडी दस्त्याच्या ढलप्या टेबलावर मांडलेल्या.

खाली लिहिलं होतं, की तीनशे ब्लॅकआउटचं काडतूस चुकून दोनशे तेवीसच्या नळीत गेलं. पितळ एकाच घराण्यातलं, त्यामुळे ते आत जातं. काही गोळ्या अडतात, पण काही मागे दबून पितळात शिरतात, आणि जरा जोर लावला तर बंदूक मिटते. मग जाडी गोळी बारीक नळीत घुसू पाहते. तिला पुढे जाता येत नाही, मागची दारू तर पेटलेली असते. उलट झालं, बारीक काडतूस जाड्या नळीत घातलं, तर ते नीट बसतच नाही. म्हणजे धोका एकाच बाजूचा. आणि ती बाजू कुठली, तर बारीक नळीची. नातवाची.

मला जे सुबक वाटलं होतं, तेच घातक होतं. दोघी बहिणी होत्या म्हणून एकीच्या घरात दुसरी शिरत होती.

मी उतरायचं स्टेशन सोडून पुढे गेले. परतीची गाडी घेतली आणि कॉलेजला न जाता घरी आले. वाटेत सगळ्या लोकांचे हात दिसत होते. कुणी दांडी धरलेली, कुणी फोन. माणसाचा हात बंदुकीच्या मोडत्या जागेपासून किती जवळ असतो, आणि चेहरा त्याहून किती थोडा लांब, हे मी मनाशी मोजत होते. त्या मुलाला मी एकदाच दुकानात पाहिलं होतं. दातांना तारा होत्या.

दुपारी आप्पा आले. मी सगळं सांगितलं. सांगताना मध्येच रडू आलं. आप्पा ताटावर बसले होते, ते तसेच बसून राहिले.

“पर काडतुसावर लिवल्यालं असतं नव्हं?”

“बुडाला असतं. बारीक अक्षरात.”

“अरबाबला चष्म्याबिगर दिसत न्हाय,” आप्पा स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले.

“आप्पा, आपण सांगू या त्यांना. फोन करून आत्ताच. नळी बदला म्हणू.”

आप्पांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, “चार मान्सांत त्यानं नाव घेतलंय तुझं. आता मी जाऊन काय सांगू, पोरीला कळत न्हाय?”

“हो. तसंच सांगा.”

“आगं, तसं न्हाय सांगता येत.”

मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या डोळ्यांत माझ्याइतकीच भीती होती, फक्त ती दुसरीकडे बघत होती. मला त्या मुलाचा हात दिसत होता, त्यांना त्या मजलिसचा दरवाजा. आई म्हणाली, “आवो, पोरगं हाय ते कुनाचंतरी.” आप्पा उठले. म्हणाले, “करतो कायतरी.”

त्यांनी जे केलं ते अगदी आप्पांसारखंच होतं. तंबूचे खांब आणि दोऱ्या जुळाव्यात म्हणून ते त्यांना रंगीत टेप लावतात, लाल खांबाला लाल दोरी. तसा त्यांनी बारीक नळीला लाल टेपचा पट्टा गुंडाळला आणि तिच्या काडतुसांच्या खोक्यांना लाल. जाड्या नळीला हिरवा, तिच्या खोक्यांना हिरवा. अरबाबना सांगितलं, की मुहंदिसानं सांगितलंय, लाल लालला, हिरवं हिरव्याला. अरबाब खूश झाले म्हणे. संध्याकाळी आप्पा मला म्हणाले, “आता बालवाडीतलं पोरगंबी चुकायचं न्हाय.” मी हो म्हटलं. मला ते मनापासून पटावं असं वाटत होतं. पण झोपताना डोळे मिटले, की टेप दिसायची नाही, तो उलगडलेला नळीचा तुकडा दिसायचा.

मग अरबाबचा निरोप आला. शनिवारी सकाळी लुसैलच्या रेंजवर बंदूक चालवून बघायची आहे, नातू येतोय, मुहंदिसालाही आण.

आप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मी कॉलेजच्या समारंभाला घालते तो पंजाबी ड्रेस घातला. आम्ही गाडीनं निघालो. लुसैलचे उंच मनोरे धुक्यातून अर्धे दिसत होते. आप्पांनी एकदाच विचारलं, “घाबरलीस व्हय?” मी म्हटलं, “नाही.” ते म्हणाले, “मीबी न्हाय.” आणि त्यांनी उगीचच वायपर लावले.

रेंजवरचा अधिकारी बहुधा ट्युनिशियाचा होता, नक्की माहीत नाही. त्यानं आम्हा सगळ्यांना कानांवर घालायचे जाड मफ दिले आणि नियम सांगितले. नळीचं तोंड कायम समोर. सांगितल्याशिवाय काडतूस घालायचं नाही. आणि कुणालाही, अगदी नुसत्या पाहुण्यालाही, काही धोक्याचं दिसलं तर त्यानं मोठ्यानं ‘स्टॉप’ म्हणायचं, मग सगळे थांबतील. “एनीबडी,” तो माझ्याकडे बघून म्हणाला. मी मान हलवली. मी त्या ‘एनीबडी’त येत असेन असं मला वाटलं नव्हतं.

अरबाबनी थंडीतला जाड, करड्या रंगाचा पायघोळ थोब घातला होता. आप्पांनी टेबलावर चार खोकी मांडली, लाल, लाल, हिरवं, हिरवं. टेप अगदी सरळ रेषेत लावलेली. अरबाबनी आधी हिरव्या पट्ट्याची नळी लावून स्वतः बार काढले. प्रत्येक आवाजाला माझं अंग आकसत होतं. मफ असूनही तो आवाज छातीत लागतो. मग त्यांनी नळी बदलली, लाल लावली. नातवाला पुढे बोलावलं. दस्ता त्याच्या खांद्याला कसा टेकवायचा ते दाखवलं, त्याच्या गालावर प्रेमानं चापट मारली.

आणि मग त्यांनी एक गोष्ट केली, जी ते आयुष्यभर करत आले असणार. लाल खोकं उचललं आणि त्यातली काडतुसं थोबच्या खिशात ओतली. खिसा आधीच फुगलेला होता. माझं लक्ष टेबलाकडे गेलं. हिरवी खोकी रिकामीच होती. ती त्यांनी आधीच तशीच ओतून घेतली होती, आणि बार काढताना ते खिशातूनच एकेक घेत होते, आम्ही कुणी बघितलंच नव्हतं. वाळवंटात कोण खोकी घेऊन फिरतं? हात खिशात घालायचा आणि काढायचं. खजूर तसे, काडतुसं तशी.

आप्पांची टेप टेबलावर पडून होती.

अरबाबनी खिशात हात घातला. न बघता. बोटांनी एक काडतूस बाहेर आलं. मुलानं बंदूक मोडून धरली होती, लाल पट्ट्याची नळी खाली झुकलेली, मागचं तोंड उघडं. मी ‘स्टॉप’ म्हणायला तोंड उघडलं. तो शब्द आठवत होता, पण निघेना. जे निघालं ते मराठीत निघालं.

“आप्पा! पोराला थांबवा! आप्पा!”

तिथं ते कळणारा एकच माणूस होता. आप्पा पुढे झाले आणि त्यांनी आपला तळहात नळीच्या उघड्या तोंडावर ठेवला. अरबाबचा हात, काडतुसासकट, आप्पांच्या हाताच्या मागच्या बाजूला येऊन टेकला. अधिकारी ओरडला, “स्टॉप! स्टॉप!” सगळे जागच्या जागी उभे राहिले. मुलगा एकदा आजोबांकडे बघत होता, एकदा आप्पांच्या हाताकडे.

“शू हाझा?” अरबाब म्हणाले. मग आप्पांना, हिंदीत, हळू आवाजात, “ये क्या करता तुम?”

आप्पांनी हात काढला नाही. ते म्हणाले, “नहीं अरबाब.”

एवढंच. नहीं अरबाब.

अधिकाऱ्यानं अरबाबच्या बोटांतलं काडतूस घेतलं, बूड बघितलं. “टू ट्वेंटी-थ्री,” तो म्हणाला. “करेक्ट.”

म्हणजे काडतूस बरोबरच होतं. मी उगीच ओरडले होते, आणि आप्पांनी उगीच मालकाचा हात अडवला होता, त्यांच्या नातवासमोर, रेंजवरच्या माणसांसमोर.

“देखा?” अरबाब हसले, पण हसू बरं नव्हतं. “सत्तर साल का आदमी. हाथ को मालूम है.” ते माझ्याकडे वळले. “मुहंदिसा, डरती क्यों? ये देख, दूसरा.” आणि त्यांनी परत खिशात हात घातला, न बघता, मुद्दाम, जादूगार काढतो तसं एक काडतूस काढून अधिकाऱ्यासमोर धरलं. “ये भी सही.”

अधिकाऱ्यानं ते घेतलं, उजेडाकडे केलं. टेबलावर पहिल्याच्या शेजारी उभं करून ठेवलं. बुडाकडून दोन्ही सारखी. वर एकाचं टोक बारीक, दुसऱ्याचं जाडं. मग तो अरबीत काहीतरी सावकाश बोलला, आदरानं. मला अरबी नीट येत नाही, पण ‘वलद’, म्हणजे पोरगा, हा शब्द कळला.

अरबाब खुर्चीवर बसले. त्यांनी खिसा उलटा केला. काडतुसं टेबलावर घरंगळली, दोन्ही जातींची, त्यात जपमाळ, दोन खजूर, गाडीची किल्ली. नातवानं इंग्रजीत म्हटलं, “इट्स ओके, इट्स ओके,” आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. अरबाबनी त्याचा तो हात धरला, उलटसुलट करून पाहिला, बोटं एकेक चाचपली. मला वाटलं ते बोटं मोजतायत.

मग ते म्हणाले, “ये तुमने चुना?”

आप्पा काही बोलायच्या आत मी म्हटलं, “हाँ. मैंने चुना. मुझे बंदूक का कुछ मालूम नहीं, अरबाब. पढके चुना. बाद में ये पता चला.” मला आणखी बरंच सांगायचं होतं, पण हिंदी संपली.

मला आप्पांकडे बघवत नव्हतं. बघितलं तेव्हा ते टेबलावरची काडतुसं वेगळी करत होते, बारीक इकडे, जाडी तिकडे. कुणी सांगितलं नव्हतं.

“अब?” अरबाब म्हणाले. “अब बोल. मालूम नहीं, फिर भी बोल.”

याचा विचार मी मेट्रोतल्या त्या सकाळपासून करत होते. चष्मा लावा, खोक्यातूनच काढा, असं सत्तर वर्षांच्या माणसाला सांगून काही होणार नाही. खिसा तसाच राहणार. मग बंदूक अशी हवी, की त्या खिशातून काहीही आलं तरी चालेल.

“एकच नळी,” मी म्हटलं, आणि आप्पांनी त्याचं हिंदी केलं. दोन नळ्या नकोतच. दोनशे त्रेचाळीसची एक. तिच्यात हलकी गोळी घातली तर ससा, जड घातली तर हरीण. दोन्ही त्याच नळीच्या, अदलाबदल झाली तरी नळी फुटायची नाही, फार तर नेम चुकेल. धक्का आत्तापेक्षा थोडा जास्त लागेल. आणि नळी आत्तापेक्षा वीतभर तरी लांब घ्यावी लागेल, नाहीतर तिची दारू वाया जाते.

“बॅग में नहीं आएगा,” अरबाब लगेच म्हणाले.

“नहीं आएगा,” मी म्हटलं.

“नया बॅग है.”

“अच्छा बॅग है,” आप्पा म्हणाले. “खजूर डालो उस में.”

आप्पा मालकाशी असं कधी बोलले नव्हते. अरबाबनी त्यांच्याकडे बघितलं, मग ते हसायला लागले, आणि या वेळी खरं हसले. “खलास,” ते म्हणाले. “खलास. एक नली.”

परतताना आप्पा गाडी फार हळू चालवत होते. मागचे हॉर्न वाजवत होते. लुसैल मागे पडल्यावर ते म्हणाले, “त्वा मराठीत कशापायी वरडलीस?”

“इंग्रजी सुचलंच नाही.”

“मंग चार वर्सं काय शिकीवत्यात तिथं?”

“दोनच झालीत, आप्पा.”

“तरीबी.” मग वळण घेताना, “बरं केलंस. मला विंग्रजी उशिरा कळलं असतं.”

घरी त्यांनी आईला त्यांच्या ‘नहीं अरबाब’बद्दल काही सांगितलं नाही. मीच सांगितलं. आईनं त्यांच्याकडे बघून म्हटलं, “म्हंजे तुमाला येतंय म्हनायला.” आप्पा हात धुवायला गेले आणि बराच वेळ धूत राहिले.

नोकरीचं काय होईल, ही भीती आठवडाभर घरात होती. फोन वाजला की आई गॅस बारीक करायची. काही झालं नाही. सीरियन माणूस परत आला, त्यानं दोनशे त्रेचाळीसची लांब नळी बसवून दिली आणि म्हणे निवड ऐकून नुसती मान हलवली. ती मान कौतुकाची होती की नाही, हे आप्पांना सांगता आलं नाही.

आणि परत निरोप आला. रेंजवर ये.

मला जायचं नव्हतं. मी गेले, कारण पहिल्या बाराच्या वेळी तिथं नसणं हे तिथं असण्यापेक्षा भीतिदायक वाटलं. तोच अधिकारी, तेच मफ. अरबाबनी खोकं उचललं आणि काडतुसं खिशात ओतली, अगदी पूर्वीसारखी. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. अरबाबनी न बघता एक काढून नातवाला दिलं. मुलानं ते नळीत सारलं, बंदूक मिटली, गाल दस्त्याला टेकवला. मी मफवरून हात घट्ट दाबले आणि डोळे मिटणार होते, पण मिटले नाहीत. मी त्याच्या हाताकडे बघत राहिले.

बार झाला. त्याचा खांदा मागे गेला, आणि त्यानं वळून आमच्याकडे बघितलं, तारांचे दात दाखवत. दोन्ही हात बंदुकीवर होते.

अरबाब माझ्याजवळ आले. त्यांनी खिशातून मूठ काढून माझ्यासमोर उघडली. दोन काडतुसं आणि एक खजूर.

“यल्ला, मुहंदिसा,” ते म्हणाले. “चुनो.”

मी नीट बघून खजूर घेतला.